योनिमार्गातील कँडिडा संसर्गाचे उंदीर-प्रारूप : प्राथमिक चाचणीच्या नोंदी

६ जानेवारी

योनिमार्गातील कँडिडा संसर्गात होणारा दाह एका नव्या संयुगाने कमी होतो का, हे तपासणे हा प्रकल्पाचा मूळ हेतू आहे. त्यासाठी उंदरातील प्रारूप, म्हणजे उंदरात घडवलेली या आजाराची प्रतिकृती, वापरायचे हे आधीच ठरले होते. मात्र उंदरांवर संयुग वापरण्यापूर्वी ते प्रारूप आमच्या प्रयोगशाळेत अपेक्षेप्रमाणे वागते की नाही, हे पाहण्यासाठी एक छोटी प्राथमिक चाचणी करावी असे आजच्या बैठकीत ठरले. या वहीत केवळ त्या चाचणीच्या नोंदी राहतील.

नेमके काय मोजायचे, यावरच बैठकीचा बहुतेक वेळ गेला. हा संसर्ग चार स्त्रियांपैकी सुमारे तिघींना आयुष्यात एकदा तरी होतो आणि बहुतांश वेळा त्यामागे कँडिडा अल्बिकन्स हे यीस्ट असते. परंतु हेच यीस्ट अनेक निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गात काहीही त्रास न देता राहते. त्यामुळे यीस्ट आहे की नाही, हा प्रश्न पुरेसा ठरत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेविकांच्या योनिमार्गात जिवंत कँडिडा सोडण्यात आले होते. त्यांपैकी सुमारे १५ टक्के स्त्रियांनाच लक्षणे दिसली आणि ज्यांना ती दिसली त्यांच्या स्रावात न्यूट्रोफिल या दाहाच्या जागी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दी आढळली. बाकीच्यांनी यीस्टला दाहाविनाच सामावून घेतले होते. म्हणजे खाज आणि जळजळ यांचा संबंध यीस्टच्या संख्येपेक्षा शरीराच्या प्रतिसादाशी अधिक जवळचा आहे. उंदराला खाज सुटते का, हे विचारता येत नाही. न्यूट्रोफिल मात्र मोजता येतात. म्हणून या चाचणीत यीस्टची संख्या आणि दाह ही दोन्ही मापे वेगवेगळी ठेवायची आणि एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचा नाही, असे ठरवले.

१४ जानेवारी

कोणता प्राणी वापरायचा, हा विषय आज संपवला. अंडाशय काढलेल्या रॅटमधील प्रारूप जुने आहे. रॅटचा आकार मोठा असल्याने नमुना भरपूर मिळतो आणि बुरशीनाशकांच्या चाचण्यांसाठी त्याचा बराच वापर झाला आहे. पण त्यासाठी शस्त्रक्रिया लागते आणि रोगप्रतिकारशास्त्राची साधने उंदरासाठी जितकी उपलब्ध आहेत तितकी रॅटसाठी नाहीत. माकडांचा विचार आम्ही केला नाही, कारण आमच्या प्रश्नासाठी तो समर्थनीय ठरणार नव्हता. मेणकिड्याच्या अळ्या ३७ अंशांवर ठेवता येतात आणि कँडिडाच्या वेगवेगळ्या वाणांची मारकता पटकन चाळून पाहण्यासाठी त्या सोयीच्या असतात. मात्र त्यांना योनी नाही, संप्रेरकांचे चक्र नाही आणि न्यूट्रोफिलही नाहीत.

पेशींच्या थरांची बाब वेगळी आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या ए-४३१ या मानवी पेशींवर कँडिडा वाढवून पेशींची हानी आणि सायटोकाइनांचे, म्हणजे दाहाचा संदेश देणाऱ्या प्रथिनांचे, स्रवण उत्तम मोजता येते, आणि संयुगाची पहिली चाळणी आम्ही तेथेच केली आहे. जे संयुग पेशींच्या थरावरच निकामी ठरले त्यासाठी एकही उंदीर खर्च करायचा नाही, हा नियम पुढेही राहील. रक्तवाहिनीतून बाहेर पडून योनीच्या पोकळीपर्यंत पोहोचणाऱ्या पांढऱ्या पेशी मात्र त्या थरावर दिसत नाहीत, आणि आमचा प्रश्न नेमका त्यांच्याविषयी आहे. शेवटी सी५७बीएल/६ जातीच्या मादी उंदरांवर एकमत झाले.

२० जानेवारी

प्राणी-नीतिशास्त्र समितीकडे प्रस्ताव सादर केला. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली पर्याय, घट आणि सुधारणा ही त्रिसूत्री अशा प्रस्तावांत बरेचदा उपचारापुरती येते. या वेळी समितीने प्रत्येक सूत्रावर स्वतंत्र प्रश्न विचारले आणि ते योग्यच होते. सर्वांत टोकदार प्रश्न इस्ट्रोजेनबद्दल होता; संसर्ग टिकावा म्हणून उंदरांना हे स्त्री-संप्रेरक द्यावे लागते. दीर्घकाळ इस्ट्रोजेन दिलेल्या उंदरांत लघवी तुंबण्याचा धोका असतो, याकडे पशुवैद्यांनी लक्ष वेधले. त्यानुसार रोज पोट चाचपून मूत्राशय ताणले आहे का ते पाहणे, वजन नोंदवणे आणि ठरावीक मर्यादेपलीकडे वजन घटल्यास किंवा मूत्राशय फुगल्यास त्या उंदराला तत्काळ चाचणीतून काढून वेदनारहित मृत्यू देणे, ही कलमे आराखड्यात घातली. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या उंदरात हा संसर्ग योनीपुरता राहतो, रक्तात पसरत नाही. तरीही देखरेखीचा तक्ता तितकाच काटेकोर ठेवला आहे.

२७ जानेवारी

समितीची मंजुरी आली. आज वाणांची निवड पक्की केली.

प्रारूपाची परीक्षा घ्यायची तर उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न विचारणे उत्तम. तसा प्रश्न कँडिडालायसिनने दिला आहे. हे ३१ अमिनो आम्लांचे पेप्टाइड कँडिडा अल्बिकन्सच्या तंतूंमधून स्रवते, यजमानाच्या पेशींच्या पटलाला छिद्रे पाडते आणि धोक्याचा इशारा उठवते. त्याचे वर्णन २०१६ मध्ये झाले आणि त्याचा उगम ईसीई१ या जनुकात आहे. पुढे उंदरांतील योनिसंसर्गातही असे दिसून आले की, हे जनुक नसलेले वाण योनीत टिकून राहते, पण न्यूट्रोफिलांना फारसे बोलावत नाही. यीस्ट तेवढेच आणि दाह कमी, ही जोडी आमच्या हातून पुन्हा मिळाली, तर आमची दोन्ही मापे खरोखर वेगवेगळी आहेत असे म्हणता येईल.

म्हणून गट असे ठेवले: केवळ इस्ट्रोजेन आणि बफर (यीस्ट नसलेला क्षारद्रव); मूळ वाण; ईसीई१ वगळलेले वाण; आणि त्याच वाणात ते जनुक परत घातलेले पुनःस्थापित वाण. शेवटच्या गटाला खर्चाच्या कारणाने एका सहकाऱ्यांचा विरोध होता. जनुक काढल्यावर जे गेले ते जनुक परत घातल्यावर परत येते, हे दाखवल्याशिवाय फरकाचे श्रेय त्या जनुकाला देता येत नाही. त्यामुळे तो गट ठेवला. यूआरए३ या खुणेच्या जनुकाची जागा हीदेखील दुर्लक्षित राहणारी बाब आहे. ते गुणसूत्रावर कुठे बसवले आहे यावर वाणाची मारकता बदलू शकते, म्हणून तिन्ही वाणांत ते एकाच ठिकाणी असल्याचे पीसीआरने तपासून घेतले.

२ फेब्रुवारी

उंदीर येऊन प्राणीगृहात रुळत आहेत. वेगवेगळ्या वाणांचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवायचे नाहीत, कारण उंदीर एकमेकांची विष्ठा खातात आणि अंग चाटतात, त्यामुळे वाणांची सरमिसळ होऊ शकते. पण असे केल्याने पिंजरा आणि गट यांचा परिणाम एकमेकांत मिसळतो. म्हणून प्रत्येक गट किमान दोन पिंजऱ्यांत विभागला आहे.

आज काही उंदरांचे योनिलेप पाहिले. उंदराचे कामचक्र चार ते पाच दिवसांचे असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट वाचता येते. त्याच्या प्रोइस्ट्रस या टप्प्यामध्ये गोलसर, केंद्रक असलेल्या पेशी दिसतात. इस्ट्रसमध्ये केंद्रक हरवलेल्या, कडा दुमडलेल्या, कोनदार शृंगी (कडक झालेल्या) पेशींचे थर पसरलेले असतात. मेटइस्ट्रसमध्ये त्यांत पांढऱ्या पेशी मिसळू लागतात. आणि डायइस्ट्रसमध्ये जिकडे पाहावे तिकडे बहुखंडी केंद्रकाच्या लहान पांढऱ्या पेशीच दिसतात. शेवटची गोष्ट आमच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कोणताही संसर्ग नसताना, केवळ चक्राच्या त्या टप्प्यावर असल्यामुळे, उंदराच्या योनीत न्यूट्रोफिल भरपूर असतात. चक्र स्थिर न करता न्यूट्रोफिल मोजले, तर आम्ही संसर्ग नव्हे, पंचांग मोजत बसू.

९ फेब्रुवारी

सर्व उंदरांना इस्ट्रॅडायॉल व्हॅलरेट (इस्ट्रोजेनचे एक रूप) ०.१ मिलिग्रॅम, ०.१ मिलिलिटर तिळाच्या तेलात विरघळवून पोटाच्या खालच्या भागातील त्वचेखाली टोचले. संसर्ग ७२ तासांनी द्यायचा आहे आणि पुढे आठवड्यातून एकदा हीच मात्रा द्यायची आहे. तेल दाट असल्याने बारीक सुईतून ते हळू उतरते. सुई लगेच बाहेर काढल्यास थेंब पाठोपाठ बाहेर येतो आणि मात्रा कमी पडते, म्हणून सुई काही क्षण आत ठेवून मग काढायची पद्धत सर्वांनी पाळली.

इस्ट्रोजेनशिवाय हे प्रारूप चालत नाही. ते न देता कँडिडा सोडले तर उंदीर काही दिवसांतच ते झटकून टाकतो. इस्ट्रोजेनमुळे योनीचा थर जाड व शृंगी होतो, त्यात ग्लायकोजेन साठते आणि यीस्ट आठवडे टिकते. मानवी आजाराशी याची संगती लागते, कारण हा संसर्ग मुख्यतः प्रजननक्षम वयात आणि गरोदरपणात अधिक आढळतो, पाळी सुरू होण्यापूर्वी क्वचितच होतो. तरी ही संगती मर्यादित आहे. उंदराला दिलेली मात्रा त्याला सतत इस्ट्रससदृश अवस्थेत अडकवून ठेवते. स्त्रीच्या शरीरात असे कधी घडत नाही. शिवाय इस्ट्रोजेनचा परिणाम केवळ योनीच्या थरावर होत नाही, रोगप्रतिकारावरही होतो. आमचे संयुग पुढे इस्ट्रोजेनच्या मार्गातच ढवळाढवळ करत असेल, तर त्याचा परिणाम दाहावर झाला की यजमानाच्या संवेदनक्षमतेवर, हे या प्रारूपात ओळखणे कठीण जाईल.

१२ फेब्रुवारी

आदल्या संध्याकाळी तिन्ही वाणे वायपीडी या पोषक द्रवात ३० अंशांवर, हलत्या इनक्युबेटरमध्ये रात्रभर वाढवली होती. ३० अंश ठेवण्याचे कारण असे की, त्या तापमानाला कँडिडा गोल यीस्टरूपात राहते. आधीच तंतू फुटले असतील, तर पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि मोजणी विश्वासार्ह राहत नाही. सकाळी पेशी बफरने धुऊन हिमोसायटोमीटर या पेशी मोजण्याच्या काचपट्टीवर मोजल्या आणि २० मायक्रोलिटरमध्ये ५० लाख पेशी येतील असे द्रावण तयार केले. उरलेले द्रावण पातळ करून प्लेटवर पसरले आहे, म्हणजे मोजलेल्या पेशींपैकी किती जिवंत होत्या ते कळेल.

संसर्ग देण्याआधीच्या लेपांत जवळपास सर्वत्र शृंगी पेशी दिसल्या. संसर्गाचे काम दोघांनी केले: एकाने उंदीर धरला, दुसऱ्याने पिपेटचे टोक जेमतेम आत नेऊन थेंब सोडला. टोक खोल नेल्यास इजा होते आणि त्या इजेमुळे येणारे न्यूट्रोफिल संसर्गाच्या खात्यात जमा होतात. थेंब सोडल्यावर उंदराला थोडा वेळ मागचा भाग उंच ठेवून धरले, म्हणजे द्रव परत वाहत नाही. कोणत्या पिंजऱ्यात कोणते वाण आहे, हे सांकेतिक क्रमांकांखाली झाकले असून त्याची यादी लेप न मोजणाऱ्या सहकाऱ्याकडे आहे.

१५ फेब्रुवारी

तिसऱ्या दिवसाचे धुवण घेतले. १०० मायक्रोलिटर बफर योनीत सोडून पिपेटने हलक्या हाताने आत-बाहेर करायचे आणि परत ओढून घ्यायचे, एवढेच हे तंत्र आहे. पण सारी चाचणी त्यावर उभी आहे. परत येणारा द्रव काही उंदरांत दुधाळ आणि तारा सुटणारा आहे, काहींत जवळपास स्वच्छ. दुधाळपणा म्हणजे दाह, असा समज करून घेण्याचा मोह होतो. पण शृंगी पेशींच्या पापुद्र्यांमुळेही द्रव तसाच दिसतो आणि नियंत्रण गटातील एक-दोन नमुनेही दुधाळ होते.

प्रत्येक धुवणातील एक थेंब लेपासाठी, एक हिस्सा दहापटींनी पातळ करून प्रतिजैविक घातलेल्या साबुरो अगार या बुरशी वाढवण्याच्या माध्यमावर, आणि उरलेला भाग सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव उणे ८० अंशांवर ठेवला. त्याच उंदराचे धुवण पुन्हा पुन्हा घेता येते, त्यामुळे कमी उंदरांत संसर्गाची वाटचाल दिसते, हा या प्रारूपाचा मोठा गुण आहे. त्याची दुसरी बाजू अशी की, प्रत्येक धुवणाबरोबर आम्ही काही यीस्ट आणि पेशी बाहेर काढतो. म्हणून नियंत्रण गटाचेही धुवण त्याच वेळापत्रकाने घेतले जात आहे.

१६ फेब्रुवारी

इस्ट्रॅडायॉलची दुसरी मात्रा दिली. वजने स्थिर आहेत. एका उंदराचे मूत्राशय किंचित भरलेले वाटल्याने पशुवैद्यांना दाखवले; सायंकाळी ते नेहमीसारखे होते.

१९ फेब्रुवारी

सातव्या दिवसाचे धुवण घेऊन चाचणीचा प्राण्यांवरील भाग संपवला. तिसऱ्या दिवसाच्या प्लेटवरील वसाहती मोजून झाल्या आहेत. संसर्ग दिलेल्या तिन्ही गटांत यीस्ट भरपूर आहे आणि त्यांच्यातला फरक दहापटीच्या आत बसतो. नियंत्रण गटाच्या प्लेट कोऱ्या आहेत. प्रयोगशाळेतील उंदरांत कँडिडा अल्बिकन्स नैसर्गिकरीत्या नसते, त्यामुळे हे अपेक्षितच होते. प्रत्येक पिंजऱ्यातील काही वसाहती उचलून पीसीआरने वाणाची ओळख पटवली. सरमिसळ झालेली नाही.

२६ फेब्रुवारी

गेले काही दिवस पॅपानिकोलाउ रंजन केलेल्या लेपांवर गेले. ४०० पट वर्धनाखाली, एकमेकांना लागून नसलेली पाच क्षेत्रे निवडून त्यांतील न्यूट्रोफिल दोघांनी स्वतंत्रपणे मोजले आणि नंतर संकेत उघडले.

मूळ वाणाच्या लेपांत दृश्य ठळक आहे: निळसर-हिरव्या शृंगी पेशींवरून आडवे गेलेले लांब तंतू, आणि त्या तंतूंभोवती दाटलेले, खंडित केंद्रकांचे न्यूट्रोफिल. ईसीई१ वगळलेल्या वाणाच्या लेपांत तंतू तितकेच लांब आहेत, पण त्यांच्या आजूबाजूला बहुतेक ठिकाणी मोकळी जागा आहे. पुनःस्थापित वाण मूळ वाणाच्या बाजूला झुकते. धुवणातील एस१००ए८ हे दाहात वाढणारे प्रथिन आणि पेशींची हानी दाखवणारी एलडीएचची क्रिया यांचे आकडेही त्याच दिशेने जातात. अपेक्षित जोडी मिळाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

पण माझे लक्ष वेधून घेतले ते मूळ वाणाच्या गटातील तफावतीने. एकाच जातीचे, एकाच वयाचे, यीस्टची संख्या जवळपास सारखी असलेले उंदीर. तरी काहींच्या लेपात न्यूट्रोफिलांचे थवे आणि काहींच्या लेपात ते तुरळक. हे केवळ आमच्याकडेच घडलेले नाही. अंतर्जनित (जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारख्या) उंदरांतही असे अधिक आणि कमी दाहाचे दोन कल दिसतात, हे प्रकाशित अभ्यासांतून माहीत आहे. स्वयंसेविकांच्या अभ्यासातही काहींनाच लक्षणे दिसली होती. जनुकीयदृष्ट्या सारख्या प्राण्यांत ही विभागणी कशातून येते, हा प्रश्न मला आमच्या संयुगापेक्षाही अधिक मोलाचा वाटतो. पण प्रकल्पाचा निधी संयुगासाठी आहे.

आणखी एक विसंगती येथे नोंदवून ठेवतो. इतके न्यूट्रोफिल येऊनही यीस्ट कमी होत नाही. संवेदनक्षम उंदरांच्या योनीतील हेपरन सल्फेट हा रेणू न्यूट्रोफिलांच्या पृष्ठभागावरील, कँडिडाला पकडणाऱ्या ग्राहक-रेणूला आधीच व्यापतो, त्यामुळे त्यांना कँडिडा धरता येत नाही, असे स्पष्टीकरण २०१७ पासून मांडले गेले आहे. ते मान्य केले, तर येथे न्यूट्रोफिल त्रास देतात, पण काम करत नाहीत. आणि दाह शमवल्याने यीस्ट मोकाट सुटेल ही समितीतील एका सदस्यांनी व्यक्त केलेली भीती योनीपुरती तरी सौम्य ठरते.

५ मार्च

सांख्यिकी पाहणाऱ्या सहकाऱ्यांशी बैठक झाली. वसाहतींचे आकडे लॉगरूपात मांडायचे, शोधमर्यादेखालील नमुन्यांना शून्य न धरता ती मर्यादा स्पष्ट लिहायची, आणि एकाच उंदराच्या तिसऱ्या व सातव्या दिवसाच्या मोजण्या स्वतंत्र मानायच्या नाहीत, यावर एकमत झाले. न्यूट्रोफिलांची सरासरी देण्यास त्यांनी हरकत घेतली: आकडे दोन पुंजक्यांत विभागलेले असताना सरासरी अशा जागी पडते जिथे एकही उंदीर नाही. प्रत्येक उंदराचा बिंदू आलेखावर दाखवायचा आणि मध्यक द्यायचा. याच तफावतीमुळे मुख्य चाचणीत प्रत्येक गटातील उंदरांची संख्या वाढवावी लागेल. ती वाढ समितीपुढे मांडताना या चाचणीचे विचलन आधार म्हणून देता येईल, आणि उंदरांची संख्या कमी करण्याच्या नावाखाली निष्कर्षच न निघणारी चाचणी करणे ही खरी उधळपट्टी होईल, हेही लिहावे लागेल.

१२ मार्च

मुख्य चाचणीत तुलनेसाठी फ्लुकोनॅझोल हे ॲझोल वर्गातील बुरशीनाशक ठेवायचे की नाही, यावर चर्चा झाली आणि ती प्रारूपाच्या मर्यादांकडे वळली. स्त्रीच्या निरोगी योनीचा सामू (पीएच, आम्लतेचे माप) साधारण ४.५ किंवा त्याहून कमी असतो आणि तेथे बहुधा लॅक्टोबॅसिलस या जिवाणूंचे वर्चस्व असते. उंदराच्या योनीचा सामू उदासीनतेच्या जवळ असतो आणि लॅक्टोबॅसिलसांचे तसे वर्चस्व तेथे नसते. उदासीन सामू कँडिडाला तंतू फोडण्यास अनुकूल असतो; म्हणजे कँडिडालायसिनचे महत्त्व उंदरात थोडे फुगवून दिसत असण्याची शक्यता आम्हाला गृहीत धरावी लागेल. उलट बाजूने, ॲझोल वर्गातील औषधांचा प्रभाव आम्लधर्मी माध्यमात घटतो, त्यामुळे उंदरात चांगले ठरलेले औषध स्त्रीच्या योनीत तितके चांगले ठरेलच असे नाही. आमच्या संयुगाची क्रिया सामू ४.५ आणि ७ अशा दोन्ही माध्यमांत पेशींच्या थरावर तपासल्याशिवाय उंदरांकडे जायचे नाही, असे यातून निष्पन्न झाले.

वारंवार उद्भवणाऱ्या संसर्गाबद्दल मात्र हे प्रारूप जवळजवळ मौन आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सहा महिने आठवड्यातून एकदा १५० मिलिग्रॅम फ्लुकोनॅझोल घेणाऱ्या स्त्रियांना त्या काळात चांगला आराम मिळाला, पण औषध थांबवल्यानंतरच्या सहा महिन्यांत निम्म्याहून अधिक जणींमध्ये आजार परतला. सतत इस्ट्रोजेनखाली ठेवलेल्या आणि एकदाच संसर्ग दिलेल्या उंदरात असे परतणे घडत नाही, म्हणून संयुगामुळे पुनरावृत्ती टळेल असा कोणताही दावा आमच्या अहवालात येणार नाही. तंतू न फोडणाऱ्या कँडिडा ग्लाब्राटासारख्या जातींचा संसर्गही या चाचणीच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. उंदरात तिच्यामुळे दाह फारसा होतच नाही, मग तो कमी झाला हे दाखवणार कशावर?

१८ मार्च

समितीकडे सुधारित आराखडा पाठवला. त्यात संयुगाचे दोन गट, केवळ वाहक द्रव दिलेला गट, फ्लुकोनॅझोल गट आणि संसर्ग न देता संयुग दिलेला गट आहे. शेवटचा गट अशासाठी की, संयुग स्वतःच योनीचा थर चाळवते का ते कळावे. प्राथमिक परिणाम म्हणून तिसऱ्या दिवसाची न्यूट्रोफिल-संख्या आधीच जाहीर केली आहे. यीस्टची संख्या दुय्यम राहील. उणे ८० अंशांवरील उरलेल्या धुवणांत आयएल-१ बीटा हे दाहाचे सायटोकाइन मोजण्याचे काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल. त्यात मूळ वाणाच्या गटातील कमी दाहाच्या उंदरांचे नमुने आधी घेण्यास सांगितले आहे.